सोमवारचा शिक्का

मी आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहिली. भोपाळमधल्या एका सरकारी खात्याच्या प्रसिद्धी शाखेत मी नोकरीला होते. साहेबांना जिथे कुठे चार शब्द बोलायचे असत, ते चार शब्द माझ्या टेबलावरून जात. झाडं लावा, रक्तदान करा, वेळेवर या. विषय कुठलाही असो, साहेबांची गाडी निघायच्या आत कागद त्यांच्या हातात पडला पाहिजे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही वाटत नसे. आमच्याकडे नोटशीट बाबू लिहितो आणि सही साहेब करतात, तसंच भाषणाचं.

एक कुतूहल मात्र मला कायम छळत आलं. माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्याने लिहिलेलं बोलतो, तेव्हा त्यातलं किती त्याचं होऊन बसतं? भाषण चालू असताना मी व्यासपीठाच्या कडेला उभी राहून साहेबांचा चेहरा निरखत असे. शेजारच्या बाईंना वाटे, मी शब्द चुकतायत का ते तपासतेय. शब्द चुकले तरी माझं काही जात नव्हतं. मला बघायचं असे की प्रामाणिकपणावर बोलताना या माणसाला निदान त्या दहा मिनिटांपुरतं तरी प्रामाणिक वाटतं का. बऱ्याच जणांना वाटतं. हे मी अनुभवाने सांगते.

माझ्या नोकरीतल्या सगळ्यात लाडक्या साहेबांची ही गोष्ट. लाडके अशासाठी, की ते कागद आधी वाचत. ग्वाल्हेरचे मराठी, तेव्हा चार इमलीत, म्हणजे भोपाळच्या बड्या अफसरांच्या वस्तीत, बंगला, बोलण्यात निम्मी हिंदी. कार्यालयात दर वर्षी एक आठवडा प्रामाणिकपणाचा असे. फलक लागत, सगळे हात पुढे करून शपथ घेत आणि साहेबांचं भाषण होई. पहिल्याच वर्षी ते मला म्हणाले, "मॅडम, उपदेश नको. एखादा किस्सा टाका. पब्लिक किस्सा याद रखती है."

किस्सा माझ्या घरातच होता.

माझे बाबा राज्याची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरहून ऑफिसबरोबर भोपाळला आलेले. आवक-जावक शाखेत बाबू होते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर येई, ते त्यावर तारखेचा शिक्का मारत आणि मग तो आत जाई. एकदा खात्यात जागा निघाल्या. माझ्या सख्ख्या मामाने अर्ज केला, पण तो पोचला मुदत संपल्यावर. शिक्क्याची चकती बोटाने मागे फिरवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. बाबांनी ती फिरवली नाही. सोमवारी आलेल्या अर्जावर सोमवारचाच शिक्का मारला. मेव्हण्याची नोकरी हुकली आणि बाबांचं नाव झालं.

मी ही गोष्ट बाबांच्या निवृत्तीच्या समारंभात ऐकली. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्या हेडक्लार्कनी ती अशी रंगवून सांगितली की माझी छाती फुगली. बाबा हार घालून मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, काय हा विनय!

तर ही गोष्ट मी साहेबांच्या भाषणात घातली. पहिल्या वर्षी लिहिलं, 'एक बाबू थे.' टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी मीच थोडी सजवली, बाबांच्या टेबलाशेजारी एक खिडकी घातली आणि खिडकीबाहेर कडुलिंब. मेव्हण्याला आळशी केलं, कारण गोष्टीत एक तरी माणूस हसण्यापुरता लागतो. मुदतीच्या दिवशी तो दुपारपर्यंत घोरत पडला होता असं लिहिलं. साहेब त्या जागी डोळे चोळून जांभई देत आणि सभागृह खदखदून हसे. तिसऱ्या वर्षी बाबा 'हमारे परिचित' झाले. मग एकदा साहेबांनी मला बोलावून घेतलं. "थोडं और जवळचं करा ना. परिचित म्हटलं की ते दूरचं वाटतं." मी विचारलं, "किती जवळचं?" ते म्हणाले, "बघा तुम्ही."

मी बघितलं आणि 'मेरे पिताजी' असं टाइप केलं. बोटं थरथरली वगैरे काही नाही. उलट गंमत वाटली. आपले बाबा थेट चार इमलीत राहायला गेले, असं मी घरी येऊन आईला सांगितलं. ती हसली नाही. मला वाटलं, तिला विनोद कळला नाही.

मामाबद्दल सांगायला हवं. तो आईचा धाकटा भाऊ. सरकारी नोकरी त्याला पुढे कधीच लागली नाही, वयाची अट उलटून गेली. त्याने आनंद नगरला एका खोलीत टायपिंगचे वर्ग काढले आणि जन्मभर दुसऱ्यांना सरकारी नोकरीसाठी तयार केलं. लग्न केलं नाही. आमच्या घराण्यात त्याचं नाव 'उशिरा मामा' पडलं होतं. लग्नपत्रिका देताना त्याला मुहूर्त एक तास आधीचा सांगायचा, ही आमच्याकडची जुनी थट्टा. गंमत अशी की तो त्या एक तासाच्याही अर्धा तास आधी येऊन बसलेला असे, सतरंज्या अंथरायला हात लावत असे. तरी थट्टा चालूच. माणसावर एकदा छाप बसली की तो डोळ्यांदेखत वेगळा वागला तरी लोक छापच बघतात. मीही त्यातलीच. भाषणं लिहिणारी, चेहरे निरखणारी, शहाणी!

एकदा आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले आणि तोच किस्सा सांगितला. मामा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. साहेबांनी जांभई दिली, लोक हसले. मी त्याला कोपराने ढोसून विचारलं, "ओळखलंस का कोण ते?" तो म्हणाला, "छान सांगतात." आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या. तो प्रसंग आठवला की आज माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटत नाही.

हे सगळं तसंच राहिलं असतं. पण गेल्या वर्षी साहेबांनी आत्मचरित्र लिहिलं. ते निवृत्त होऊन अरेरा कॉलोनीत स्वतःच्या घरात राहतात, मीही निवृत्त. छपाईला जायच्या आधी नजर टाका म्हणून त्यांनी मुद्रितांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. पुस्तक हिंदीत. आई माझ्याकडेच असते, तिला आता डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून दुपारी मी तिला मोठ्याने वाचून दाखवत होते. 'मेरे पिताजी' हे प्रकरण आलं. खिडकी आली, कडुलिंब आला. घोरणारा साला आला. मी हसत वाचत होते.

"थांब," आई म्हणाली. "हे छापणार आहेत?"

"हो. पुढच्या आठवड्यात छापखान्यात जाईल."

"तो उशिरा आला नव्हता."

मी म्हटलं, "कोण?"

"तुझा मामा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला अर्ज घरी आणून दिला त्याने यांच्या हातात. मुदत शनिवारची होती."

तेव्हा सगळे तसंच करत. घरातला माणूस आवक शाखेत असताना पोस्टाचं तिकीट कोण लावणार? पाकीट त्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्या दिवशी ते टेबलावर. बाबांनी पाकीट डब्याच्या पिशवीत ठेवलं. रोज ती पिशवी खांद्याला असायचीच. पण शनिवारी अर्धा दिवस, डबा नाही, म्हणून पिशवी खुंटीला राहिली. रविवारी आईने ती धुवायला काढली आणि पाकीट तिच्या हातात आलं.

"मी यांना म्हटलं, उद्या शनिवारचा शिक्का मारा. तसा अर्ज शनिवारी घरात होताच, खोटं काय त्यात? हे म्हणाले, घर म्हणजे ऑफिस नाही. बरं, पटलं मला. मग म्हटलं, निदान त्याला जाऊन सांगा की चूक माझी झाली. तर म्हणाले, बघू."

"मग?"

"मग काय. बघतच राहिले जन्मभर."

मामा मंगळवारी विचारायला आला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले की अर्ज मुदतीनंतर पोचला. खोटं नव्हतंच ते. ऑफिसात गवगवा झाला, बाबांच्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली, मेव्हण्याला उशीर झाला हे लोक आपलं आपणच धरून चालले. बाबांनी दुरुस्त केलं नाही, एवढंच. त्या समारंभातली त्यांची खाली गेलेली मान माझ्या डोळ्यांसमोर आली. विनय कसला, खाई त्याला खवखवे!

मला भयंकर राग आला. बाबांचा आला, पण ते जाऊन बारा वर्षं झालेली, त्यांच्यावर रागावून काय उपयोग? म्हणून आईवर काढला. "तू गप्प का बसलीस इतकी वर्षं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. आणि मग, "घर चालवायचं होतं मला. आपलेच दात, आपलेच ओठ. पण छापू नका आता. तो अजून जिवंत आहे. मी जायच्या आत एवढं कर."

रागाचा आणखी एक वाटेकरी होता, तो मला रात्रभर टोचत राहिला. बाबांनी मामाला आळशी म्हटलं नव्हतं. हेडक्लार्कनीही नाही. दुपारपर्यंत घोरत मी पाडलं होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन अरेरा कॉलोनीत गेले. साहेबांनी चहा मागवला, प्रस्तावना कोण लिहिणार ते सांगितलं. मी सरळ म्हटलं, "सर, वडिलांच्या प्रकरणातली ती शिक्क्याची गोष्ट काढावी लागेल. ती माझ्या वडिलांची आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझंच काहीतरी चुकलंय. "तुमच्या? अहो मॅडम, काय बोलताय? मला दिसतात ते. ते टेबल, ती खिडकी, बाहेर नीम का पेड़..."

"खिडकी मी घातली होती, सर. दुसऱ्या वर्षी. माझ्या वडिलांच्या टेबलाशेजारी भिंत होती. आवक शाखा जिन्याखाली होती."

माझं जुनं कुतूहल मला त्या क्षणीही सोडत नव्हतं, खोटं कशाला सांगू? मी पुन्हा त्यांचा चेहरा निरखत होते. या माणसाला माहीत होतं आणि तो विसरला, की विसरायचं ठरवून विसरला, की खरंच त्याच्या डोक्यात एक बाप हळूहळू तयार झाला? मला वाटतं तिन्ही थोडं थोडं. चेहऱ्यावर आधी राग आला.

"तुम्हीच लिहून दिलंत की! 'मेरे पिताजी' तुम्ही टाइप केलंत."

"केलं. तुम्ही जवळचं करा म्हणालात, आणि मी केलं. दोघांचं आहे हे."

"आणि आज इतक्या वर्षांनी काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पिशवी, शनिवार, आईने काढलेलं पाकीट. ज्याच्यावर ते जांभई देत तो माणूस मंडळाच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, हेही सांगितलं. ते ऐकताना त्यांचा राग उतरत गेला. चहावर साय धरली होती. मग त्यांनी प्रकरणाची पानं उचलली. एकूण दोन पानं, त्यातलं दीड पान आमच्या बाबांचं.

"हे काढलं तर वडिलांवर राहतं काय?" ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते असं वाटलं नाही. "माझे वडील शाळामास्तर होते. सकाळी निघायचे, रात्री यायचे. आमच्याशी बोललेले मला आठवत नाहीत. त्यांच्याबद्दल काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाहीच, मॅडम."

मला त्यांची दया आली. मी त्यांना एक बाप पुरवला होता आणि आता परत मागायला आले होते. तरी मी पानं तिथेच ठेवून उठले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. गोष्ट काढली होती. "त्या जागी अडीच ओळी लिहिल्यात. माझ्या हाताने," ते म्हणाले, आणि वाचून दाखवल्या. वडिलांच्या चपलांचा आवाज आला की भावंडं पुस्तकं उघडून बसत, एवढंच होतं त्यात. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासाठी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. तसं मी म्हटलंही. ते नुसते "बरं" म्हणाले.

राहिला मामा. त्याच्याकडे जायला मी तीन दिवस टाळाटाळ केली. आधी गॅसची टाकी यायची होती, मग आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. शेवटी गेले. त्याची वर्गाची खोली कधीच बंद झालीय, मशिनं भंगारात गेली, एक तेवढं त्याने ठेवलंय. तो मटार सोलत बसला होता. मी समोर बसून सोलायला लागले आणि म्हटलं, "आईने सांगितलं मला. पिशवीचं."

त्याचा हात थांबला नाही. "ताईने? कशाला सांगितलं तिने? त्रास झाला असेल तिला."

"तिला? मामा, तुझं काय? तुला 'उशिरा मामा' म्हणत आलो आम्ही. मी तर तुला भाषणात घोरायला लावलं. तू एकदाही का नाही बोललास?"

"बोलून? भाऊजी चिडले असते, ताईशी महिना महिना बोलले नसते. ताईला त्याच घरात राहायचं होतं, बेटा."

एवढ्या साध्या आवाजात म्हणाला की मला आधी त्याचा अर्थच पोचला नाही. मग पोचला. सगळी नीतिमत्ता मी टेबलांवर शोधत आले, व्यासपीठांवर शोधत आले, आणि ती इथे आनंद नगरला मटार सोलत होती.

मी त्याला सांगितलं की साहेबांनी पुस्तकातून गोष्ट काढली. त्याने मान हलवली. शेंगा संपल्या, त्याने सालं गोळा केली, बाहेरच्या गाईसाठी वेगळी ठेवली. मी निघाले, तर दारापर्यंत आला.

"तू आता स्वतःचं काही लिहितेस म्हणे. ताई म्हणत होती."

"थोडंफार."

"हे लिहिणार आहेस?"

"लिहावंसं वाटतंय. पण बाबांचं..."

"भाऊजींबद्दल वाईट लिहू नकोस. शिक्का त्यांनी खराच मारला. हजारात एखादा मारतो." दाराच्या कडीशी त्याची बोटं चाळा करत होती. ऐंशी पार केलेला माणूस, पण काहीतरी मागायचं आहे आणि धीर होत नाही, असं तोंड झालं होतं त्याचं. "फक्त वार लिहिशील?"

"कुठला वार?"

"शुक्रवार."

मी रस्त्यावर येऊन रडले. भाजीवाल्याच्या गाडीशेजारी उभी राहून, पदराने तोंड झाकून. बाबांनी एक खरी तारीख टाकली आणि तिच्यामागची दुसरी खरी तारीख कुणाला कळू दिली नाही. मी तर त्या गोष्टीत खिडक्या आणि झाडं घालत बसले. आणि ज्याचं सगळं गेलं त्याने मागितला काय, तर एक वार.

तर लिहिते, माझ्या स्वतःच्या सहीने. माझ्या मामाने अर्ज शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या घरी आणून दिला होता. मुदत शनिवारची होती. मामा वेळेत आला होता.